शेवट कुणाच्या हक्काचा?
(सूकी स्टॅकहाउस कादंबरीमालेच्या निमित्ताने)

मुंबईच्या फोर्ट भागात पदपथावर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. अशाच एका ढिगातून शार्लेन हॅरिस या अमेरिकन लेखिकेची ‘डेड टू द वर्ल्ड’ (२००४) ही कादंबरी मी उचलली. ती तेरा पुस्तकांच्या मालेतली चौथी आहे, हे घरी आल्यावर कळले. सुरुवातीलाच नववर्षाच्या पहाटे नायिका कामावरून घरी निघाली आहे आणि निर्जन रस्त्यावर एक उंचापुरा, अनवाणी पुरुष जिवाच्या आकांताने पळतो आहे. हा एरिक, हजारेक वर्षांचा व्हँपायर. चेटकिणींनी त्याची स्मृती हिरावून घेतली आहे. पुढचे काही दिवस तो तिच्या घरात लपून राहतो. सत्ता विसरलेला, म्हणून हळवा झालेला. पुस्तक संपेपर्यंत मी एरिकच्या पक्षाची झाले होते.

उरलेली बारा पुस्तके मी मिळेल त्या क्रमाने वाचली. २०१३ साली आलेले शेवटचे ‘डेड एव्हर आफ्टर’ मात्र रागाने मिटले, कारण सूकी एरिककडे न जाता सॅम या बारमालकाकडे जाते. रागावणारी मी एकटी नव्हते. अमेरिकेत या शेवटावरून मोठे काहूर उठले. लेखिकेला धमक्या आल्याच्या बातम्याही छापून आल्या. मनोरंजनासाठी वाचलेल्या पुस्तकाचा इतका राग का यावा? या प्रश्नासाठी मी मागच्या वर्षी सगळी माला पहिल्यापासून, क्रमाने वाचली. हा लेख त्या दुसऱ्या वाचनाचा हिशेब आहे.

आधी या साहित्यप्रकाराची अडचण सांगायला हवी. प्रणयकथेला शेवट लागतो. दोघे एकत्र आले की ती पूर्ण होते. मालेला मात्र शेवट नको असतो. पुढचे पुस्तक खपले पाहिजे. अद्भुत आणि प्रणय एकत्र करणाऱ्या कादंबरीमाला या ओढाताणीतून वेगवेगळ्या वाटा काढतात. जे. आर. वॉर्ड ‘ब्लॅक डॅगर ब्रदरहुड’मध्ये (२००५ पासून) जग तेच ठेवते आणि बहुतेक पुस्तकांत नवे जोडपे आणते. लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक १९९३ पासून चालूच आहे. तिथे शेवटच पुढे ढकलला जातो, प्रियकरांची संख्या वाढत जाते आणि सुरुवातीची रहस्यकथा मागे पडते. पॅट्रिशिया ब्रिग्जची मर्सी थॉम्पसन ही मोटार-मेकॅनिक सहाव्या पुस्तकात (‘रिव्हर मार्क्ड’, २०११) लग्न करते आणि पुढची पुस्तके संसाराची होतात. ही वाट मला सर्वांत प्रौढ वाटते. स्टेफनी मेयरच्या ‘ट्वायलाइट’मध्ये (२००५ ते २००८) नायिका स्वतःच व्हँपायर होते आणि काळच थांबतो.

हॅरिसची वाट यांहून वेगळी आहे. ती पहिल्या वाचनात मला दिसली नाही, कारण मी चौथ्या पुस्तकातून आत शिरले होते. दार चुकले की घराचा नकाशाही चुकतो.

पहिले पुस्तक ‘डेड अंटिल डार्क’ (२००१). लुइझियाना राज्यातले एक लहान गाव. जपान्यांनी कृत्रिम रक्त तयार केल्यामुळे व्हँपायर आता उघडपणे समाजात वावरू लागले आहेत. सूकी गावातल्या बारमध्ये वेट्रेस आहे आणि तिला माणसांच्या मनातले ऐकू येते. हे वरदान नाही. ज्याच्या शेजारी बसावे त्याची वासना, कीव, तिरस्कार सगळे कानांवर आदळते. कुणाशी प्रेम जमणे अशक्य. अशात बिल नावाचा व्हँपायर बारमध्ये येतो आणि त्याच्या मनातले तिला काहीच ऐकू येत नाही. ती त्याच्याकडे ओढली जाते ती या शांततेमुळे. रूप आणि गूढता नंतर येतात. ज्या बाईच्या डोक्यात दिवसभर इतरांचे आवाज आहेत, तिला प्रेम म्हणजे आधी विसावा वाटतो. लोकप्रिय कादंबरीत इतके अचूक मानसशास्त्र क्वचितच भेटते.

पण ऐकू न येणे म्हणजे विश्वास ठेवण्याजोगे असणे नव्हे. सहाव्या पुस्तकात (‘डेफिनिटली डेड’, २००६) उघड होते की, बिलला राणीच्या हुकमावरून सूकीला वश करायला पाठवले होते. ज्या शांततेत ती विसावली होती, तिच्यातच फसवणूक लपलेली होती. माझ्या मते ही पूर्ण मालेची किल्ली आहे.

एरिकचे काय? क्रमाने वाचताना माझ्या या लाडक्या माणसाचा हिशेब वेगळाच निघाला. तो सूकीला वाचवतो, हे खरे. पण प्रत्येक वेळी वाचवताना तिच्यातले काहीतरी घेतो. सातव्या पुस्तकात दुसरा व्हँपायर तिच्यावर रक्ताचे बंधन लादू पाहतो, तेव्हा एरिक मध्ये पडतो आणि बंधन एरिकशी जडते. नवव्यात तो तिच्या हातून एक सुरी स्वीकारतो आणि व्हँपायरांच्या रिवाजाने ते लग्न ठरते. तिला हे नंतर कळते. दोन्ही वेळा कारण चांगले, पण दोन्ही वेळा तिची संमती घ्यायची राहून जाते. त्यानंतर एरिक जवळ असताना वाटणारा आनंद आपला की रक्ताचा, हे तिला सांगता येत नाही. म्हणून अकराव्या पुस्तकात (‘डेड रेकनिंग’, २०११) ती मैत्रिणीच्या मंत्रविद्येने ते बंधन तोडून घेते. पहिल्या वाचनात मला हा कृतघ्नपणा वाटला होता. आता वाटते, तेरा पुस्तकांतली सर्वांत धीट कृती हीच आहे. व्हँपायरांची नजरेची भूल सूकीवर चालत नाही, हे लेखिका पहिल्यापासून सांगते. पण उपकाराची भूल नजरेच्या भुलीहून अवघड असते, आणि ती उतरवायला सूकीला अकरा पुस्तके लागतात.

मग सॅम. तो रूप पालटणारा आहे, पण श्वास घेणारा, म्हातारा होणारा. माणसांचे मन सूकीला नको तितके ऐकू येते, व्हँपायरांचे अजिबात नाही. सॅमसारख्यांचे अर्धवट, शब्दांपेक्षा भावनांच्या रूपात. सहजीवनाला बहुधा एवढेच ऐकू येणे पुरेसे असते. शिवाय सूकीला उन्हात पडून राहणे फार आवडते. माला भर ही गोष्ट बारीकसारीक प्रसंगांतून येत राहते. एरिकबरोबर ऊन नाही. शेवटाची तयारी पहिल्या पुस्तकापासून चालू होती. मी ती वर्णने भराभर उलटली होती.

याचा अर्थ शेवट कलादृष्ट्या निर्दोष आहे असा नाही. बाराव्या पुस्तकात सूकीकडे एकच इच्छा पुरी करणारी जादूची वस्तू असते. एरिकची अपेक्षा असते की, त्याला दुसऱ्या राणीशी ठरलेल्या लग्नातून सोडवायला ती वापरली जावी. सूकी ती मरणाऱ्या सॅमला वाचवायला खर्च करते. निवड योग्य, पण वस्तू फार सोयीची. नंतरच्या पुस्तकांत पऱ्यांचे नातेवाईक, नवे राजे, जुनी वैरे यांची इतकी दाटी होते की, सॅमवरचे प्रेम उमलायला जागाच उरत नाही. आपल्याला जे पटवायला हवे होते ते लेखिका घाईने उरकते. वाचकांचा राग इथे वाजवी होता. पुढे ‘आफ्टर डेड’ या छोट्या पुस्तकात तिने पात्रांचे पुढे काय झाले, याची अकारविल्हे यादी दिली. तो मला गोष्टीचा नव्हे, तक्रारनिवारणाचा कागद वाटला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. माला व्हँपायरांच्या नागरी हक्कांची भाषा बोलते, आणि पहिल्या पुस्तकातला खुनी व्हँपायर नसून द्वेषाने पेटलेला गावातलाच माणूस निघतो. हे धारदार आहे. पण ज्या दक्षिणेत ही गोष्ट घडते, तिथे हक्कांची लढाई कृष्णवर्णीयांनी लढली. त्यांना या मालेत जागा किती? लाफायेत हा कृष्णवर्णीय, समलिंगी आचारी दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच प्रेत होऊन भेटतो. याच कथेवरच्या ‘ट्रू ब्लड’ (२००८ ते २०१४) या दूरचित्रवाणी मालिकेने त्याला अखेरपर्यंत जिवंत ठेवले. तो निर्णय मला मूळ लेखिकेवरची सर्वांत नेमकी टीका वाटतो.

तरीही ही माला मी जपून ठेवली आहे, कारण तिच्यात पैशाची, घराची, थकव्याची नोंद आहे. सूकी घराच्या डागडुजीची आणि करभरणीची चिंता करते, शिफ्ट संपल्यावर तिचे पाय दुखतात, आणि शेवटी ती त्याच बारची भागीदार होते. २००५ चे कॅटरिना वादळ येते तेव्हा व्हँपायरांची राणीसुद्धा दुबळी होते. अद्भुताचे पाय जमिनीवर ठेवणे यालाच म्हणतात.

मालाकथा आपल्याला नवी नाही. वेताळपंचविशी हीसुद्धा मालाच आहे. राजा उत्तर देतो, वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो आणि पुढची गोष्ट सुरू होते. राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, तेव्हाच माला संपते. आम्हा एरिकपक्षीय वाचकांचे चुकले ते इथे. उत्तर आमच्याकडे चौथ्या पुस्तकापासून तयार होते, म्हणून प्रेत खांद्यावरून उतरेना. सूकीने कुणाची निवड करावी हे ठरवण्याचा हक्क आपल्याला आहे, असे मीही धरून चालले होते. बिलनेही तेच धरले होते, एरिकनेही.

तेरावे पुस्तक या वेळी मिटले, तेव्हा राग आला नाही. थोडे वाईट वाटले, एवढेच.