फेसाने मळ निघतो का?

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून ‘घरगुती युक्त्या’ वर्षानुवर्षे छापून येत आहेत. आता त्याच मोबाइलवरील चित्रफितींतून फिरतात. नळावरचे पांढरे डाग, शेगडीमागचा तेलकट थर, काळवंडलेली मोरी, या सर्वांवर उपाय एकच: खाण्याचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता किंवा लिंबू पिळा, फेस आला की पुसा. आमचा आक्षेप असा, की मळ कशाचा आहे आणि तो कशावर बसला आहे, हे दोन प्रश्न या युक्त्या विचारतच नाहीत.

फेस पाहायला छान वाटतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा असतो. आम्ल आणि आम्लारी यांनी एकमेकांना निकामी केल्याची ती खूण! ५ ग्रॅम सोडा ४ टक्क्यांच्या सुमारे ९० मिलिलिटर व्हिनेगरमधले आम्ल संपवतो. मागे उरते सोडियम ॲसिटेट या क्षाराचे पाणी. जाळीत अडकलेला कचरा बुडबुड्यांनी थोडा सैल होत असेल, एवढे श्रेय देऊ. खरे तर हे दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर कामाचे आहेत. नळावरचा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. तो व्हिनेगरमध्ये विरघळतो. शेगडीमागचा चिकटा तेलाचा. त्याला गरम पाणी, साबण आणि धुण्याचा सोडा हवा. (ॲल्युमिनियमच्या भांड्यांपासून मात्र हा सोडा दूर ठेवावा, तो धातूच खातो.)

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आपल्याकडे कितीतरी घरांत शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा असतो. हे दोन्ही चुनखडक आहेत, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच. संगमरवरही तेच. नळावरचा थर ज्या क्रियेने निघतो, त्याच क्रियेने ओटाही झिजतो; आम्लाला मळ आणि दगड यांतला भेद कळत नाही. डाग गेला असे वाटते, पण तिथला गुळगुळीतपणाही जातो. खरखरीत झालेल्या भागात मळ लवकर धरतो आणि मग पुन्हा लिंबू! अशा दगडाला साधा साबण आणि पाणी पुरे. ही सूचना आम्हाला या युक्त्यांत क्वचितच आढळली.

इथवर नुकसान फरशीचे झाले. ‘दोन द्रव एकत्र केले की जोर वाढतो’ ही समजूत संडास-मोरीत पोचली, की प्रश्न जिवाचा होतो. संडास साफ करण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते विरंजक द्रवात किंवा ब्लीचिंग पावडरीत मिसळले, की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली ईप्रच्या रणभूमीवर सोडला गेला तो हाच. तो हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असल्याने खाली साचतो, आणि घासणारे माणूस तर खालीच बसलेले असते. बंद न्हाणीघरात हे फार धोक्याचे. चुकून असे झालेच तर तत्काळ बाहेर पडावे.

वर्गात आम्ल-आम्लारी शिकवताना शिक्षकांनी अशी एखादी युक्ती फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावी. शहाबादीचा तुकडा, ग्रॅनाइटचा तुकडा आणि अंड्याचे कवच यांवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकावेत आणि बुडबुडे कुठे येतात ते भिंगातून पाहावे. रस नुसता एकदा, आणि सोडा मिसळून फेस बसल्यावर एकदा, असा दोनदा टाकावा. खडू मात्र घेऊ नये. आपल्याकडचे बहुतेक खडू जिप्समचे असतात, त्यांवर काहीच दिसत नाही.