शास्त्रज्ञाचे चित्र आणि मुलीची स्वप्रतिमा

किशोरवयीन मुलींच्या व्यवसायविषयक आकांक्षांची चर्चा करताना ‘शास्त्रज्ञाचे चित्र काढा’ या चाचणीचा आधार अनेकदा घेतला जातो. मुलीने पुरुषाचे चित्र काढले, की तिची स्वप्रतिमा दुबळी आहे असे अनुमान केले जाते. हे अनुमान कितपत ग्राह्य आहे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ बालकांच्या चित्रांत स्त्री-शास्त्रज्ञ अवघ्या २८ होत्या. ती सर्व चित्रे मुलींची होती. पुढे डेव्हिड मिलर व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली अमेरिकेतील ७८ अभ्यासांचा एकत्रित परामर्श घेतला. त्यात १९८५ नंतर स्त्री-चित्रांचे सरासरी प्रमाण शेकडा २८ झालेले दिसते. मात्र मुलींच्या चित्रांतील पुरुषांचे प्रमाण सहाव्या वर्षी शेकडा ३०, तर सोळाव्या वर्षी शेकडा ७५ आढळते.

या वाढीस स्वप्रतिमेचा ऱ्हास म्हणणे उतावीळपणाचे होईल. वयाबरोबर जगाचे ज्ञानही वाढते. ‘शास्त्रज्ञ बहुधा कोण असतो?’ या प्रश्नाचे उत्तर चित्रात मिळते. ‘मी कोण होणार?’ हे मुलीला विचारलेलेच नसते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९३३ साली प्रवेश मिळविणाऱ्या कमला भागवत (पुढे सोहोनी) यांच्यापुढील विज्ञानाचे जग जवळजवळ पुरुषांचेच होते. तरीही १९३९ साली त्यांनी केंब्रिजची डॉक्टरेट संपादन केली. जगाची यथार्थ जाण आणि आकांक्षा या दोन्ही गोष्टी एका मनात नांदू शकतात.

मराठी शाळांत ही चाचणी योजताना आणखी एक अडचण संभवते. मूळ इंग्रजी शब्द लिंगनिरपेक्ष आहे. परंतु ‘शास्त्रज्ञाचे’ या रूपातील सामान्यरूप पुल्लिंगी आहे. मुलीने पेन्सिल उचलण्यापूर्वीच प्रश्नाने उत्तर सुचविलेले असते. ‘शास्त्रज्ञांचे’ हे अनेकवचन योजल्यास हा दोष पुष्कळसा टळेल.

हा वाद केवळ पद्धतीचा नव्हे. निदान चुकले, की उपचारही भलतीकडे होतो. मुलीला आत्मविश्वासाचे धडे दिले जातात आणि प्रयोगशाळा, प्रवेश व नेमणुका यांची तपासणी राहून जाते. मुलीने जे पाहिले ते तिने रेखाटले. तपासावयाचे ते तिने पाहिलेले जग होय.