रहस्यकथा कोणाच्या वाचाव्यात?

रहस्यकथा वाचायच्या तर कोणाच्या, असं आम्हाला बरेचदा विचारतात. आम्ही पडलो तत्त्वज्ञानाची माणसं. नुसती यादी देणं जमत नाही. आधी कसोटी सांगतो.

मीमांसकांचं उदाहरण प्रसिद्ध आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. ही अर्थापत्ती. गुप्तहेराचं निम्मं काम हेच. पण त्यात एक अट आहे बघा: दुसरा कुठलाही खुलासा शिल्लक राहता कामा नये. ही अट ढिली सोडणारा लेखक कथेतल्या कुणाला तरी पुराव्याशिवाय फासावर चढवतो.

या कसोटीवर पहिलं नाव अगाथा ख्रिस्ती यांचं. १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ घ्या. शेवट सांगत नाही. संपल्यावर पुन्हा पहिल्या पानावर जा. सगळं समोर मांडलेलं होतं, आपणच भलतं गृहीत धरलं, हे कळतं.

दुसरे शरदिंदु बंद्योपाध्याय. त्यांचा ब्योमकेश बक्षी स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. डिटेक्टिव्ह हा शब्द त्याला आवडत नाही. गुन्हेगार पकडणं आणि सत्य शोधणं दर वेळी एकाच ठिकाणी पोचत नाही, याची त्याला जाण आहे.

तिसरे जॉर्ज सिमेनॉन. त्यांचा मेग्रे पॅरिसचा पोलीस अधिकारी. माणूस गुन्ह्यापर्यंत आला कसा, हे त्याला समजून घ्यायचं असतं. पुस्तकं लहान, एका बैठकीत होणारी.

सर्वांत शेवटी ड्यूरेनमाट यांची १९५८ची ‘द प्लेज’ वाचा. योगायोगापुढे तर्काचं काय चालतं, हा तिचा प्रश्न. आधी तर्कावर विश्वास बसलेला असेल, तरच तिचा घाव लागतो.

आणि आपले बाबुराव अर्नाळकर? त्यांचा झुंजार वेगावर आणि धाडसावर जिंकतो. अनुमान तिथे दुय्यम. आमच्या कसोटीवर ते कमी पडतात, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण कित्येक घरांत वाचनाची चटक त्यांनीच लावली, हे ऋणही मान्य केलं पाहिजे.

आज मोबाईलवरची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत बघून आपण कुणालाही दोषी ठरवतो. चांगला रहस्यलेखक दोनशे पानं आपल्याला निकालापासून थांबवून धरतो. तेवढी सवय लागली, तरी वाचन सार्थकी लागलं म्हणायचं.