भिंतीवरचा काळ, घड्याळातला काळ

बडोद्याच्या मराठी घरांत पाहुणा आला की त्याला दोन ठिकाणी नेण्याची रीत आहे. फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याचे 'सीता भूमिप्रवेश' (१८८०) पाहायचे आणि मग कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे. सयाजीराव महाराजांच्या निमंत्रणावरून सुरू झालेले हे काम १९३९ ते १९४६ असे चालले. महाराज मात्र १९३९ च्या फेब्रुवारीतच निवर्तले.

या दोन चित्रकारांविषयी एक ठरीव निवाडा आपल्याकडे ऐकू येतो. रविवर्मा म्हणजे कॅमेरा, युरोपातून उसना घेतलेला एक गोठलेला क्षण. नंदबाबूंनी मात्र मीरेच्या आयुष्यातील प्रसंग एकाच भिंतीवर मांडले, म्हणून त्यांचा काळ अस्सल भारतीय. अलीकडे त्याला पुस्तीही जोडली जाते, की आइन्स्टाइनने सांगितले ते हेच!

मी भाषेचा शिक्षक; पदार्थविज्ञान शिकलो ते शिक्षकखोलीत सहकाऱ्यांशेजारी बसून. तरीही ही पुस्ती मला पटत नाही. एका निरीक्षकाला एकाच वेळी घडलेल्या वाटणाऱ्या दोन घटना दुसऱ्या, गतिमान निरीक्षकाला तशा वाटतीलच असे नाही, हे आइन्स्टाइनने १९०५ साली मांडले. ते मोजून पाहता येते. आपल्या मोबाइलला ठिकाण सांगणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात कित्येक किलोमीटरांची चूक होईल. नंदबाबूंच्या भिंतीला असे मोजमाप नको होते. तरुणपणी त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या, आणि एकाच भिंतीवर कथेतील अनेक प्रसंग रंगवण्याची रीत तेथे शतकानुशतके नांदत होती. तिचे मोठेपण सिद्ध करायला आइन्स्टाइनची साक्ष कशाला? या भिंतीपुढे काळ चालतो तो पाहणाऱ्याच्या पायांनी. मात्र मीरेची कथा ठाऊक नसलेल्याला सुटी सुटी दृश्येच दिसतात, ही तिची मर्यादाही सांगितली पाहिजे.

आता रविवर्मा. त्याची मांडणी नाटकी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. क्षण गोठलेला आहे, हा मान्य नाही. ग्रहांच्या भ्रमणाचे चित्रण उलटे फिरवले तरी ते खरेच वाटते, कारण गतीचे नियम दोन्ही दिशांना सारखेच लागू पडतात. पण चहात मिसळलेले दूध पुन्हा वेगळे होताना दाखवले, तर पोर हसेल. काळाला दिशा मिळते ती अशा मिसळण्यातून. उष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच. विज्ञान इतकेच म्हणते, की उलटे घडणे अत्यंत असंभवनीय आहे. त्या असंभवनीयतेची किंमत कोणी मोजली, हे विचारणे त्याचे काम नव्हे.

ते काम चित्र करते. भूमातेने सीतेला कवेत घेतले आहे, आणि पाहणारा राम तिला थांबवू शकत नाही. त्या एका क्षणात वनवास आहे, अग्निदिव्य आहे, त्याग आहे आणि उद्याची रिकामी अयोध्याही आहे. असा क्षण कॅमेऱ्यात कसा मावेल?

एकदा सहलीत आठवीच्या एका मुलाने या चित्रापुढे विचारले, "सर, रामाने आधीच का नाही थांबवले?" काळ एकाच दिशेने जातो, हे त्या मुलाला सूत्रावाचून कळले होते. मी उत्तर दिले नाही. देता आलेही नसते.

आपली मुले घरात मराठी आणि अंगणात गुजराती बोलतात. एकीला दुसरीचा दाखला लागत नाही. कला आणि विज्ञान यांचेही तसेच असावे. एक काळ मोजते, दुसरी तो सोसते. दिवाळीच्या सुटीत मुलांना ही चित्रे जरूर दाखवा. पण ऋषींना किंवा चित्रकारांना सारे आधीच ठाऊक होते, असे मात्र सांगू नका. त्याने दोघांचाही अपमान होतो.