धीर सोडल्याने माणूस मरतो का?

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ होते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणसाच्या पोटात गोळा यायचा, आणि पुढच्या मिनिटाला सगळे त्याला सांगायचे, पॉझिटिव्ह राहा. आमच्या घरात एकाच संध्याकाळी असे दोन रिपोर्ट आले, बाबांचा आणि माझा. मी चौदा दिवसांनी खोलीबाहेर आलो. बाबांना दोन दिवस ऑक्सिजनचा बेड मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी मिळाला, आणि नवव्या दिवशी ते गेले.

एरवी घरात कुणी गेलं की शेजारपाजारचे पिठलं-भात घेऊन येतात. तेव्हा कुणाला येता येत नव्हतं. त्याऐवजी पुस्तकं आली. टीममधल्या सहकाऱ्यांनी कुरिअरने दोन पाठवली, मावशीने एक दिलं, आणि पीडीएफ किती आल्या ते मोजलं नाही. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला काही म्हणायचं नाही. पुस्तकांबद्दल मात्र म्हणायचं आहे.

प्रेरणादायी पुस्तक आपल्याला नवीन नाही. शाळेत बरे मार्क पडले की ‘एक होता कार्व्हर’ बक्षीस मिळायचं. वीणा गवाणकरांचं १९८१चं हे पुस्तक मीही सातवीत अधाशासारखं वाचलं होतं. पण ते चढ चढणाऱ्या मुलासाठी होतं. जो पडलाय आणि ज्याला उठायचीसुद्धा इच्छा नाही, त्याच्या हातात द्यायचं पुस्तक वेगळं असायला हवं. दुकानात मात्र ही दोन्ही पुस्तकं एकाच कप्प्यात असतात.

माझ्याकडे आलेल्यांत रॉन्डा बर्न यांचं ‘द सिक्रेट’ होतं. २००६ साली आलेल्या या पुस्तकाचा गाभा असा की तुमचे विचार जशास तशा गोष्टी खेचून आणतात. चांगलं चिंता, चांगलं येईल. ज्याला गाडी हवी आहे त्याला हे वाचून हुरूप येत असेल. पण हे गणित उलट बाजूने सोडवून बघा. वाईट आलं, म्हणजे तुम्ही वाईट चिंतलं होतं. आमच्या ओळीतल्या तीन घरांत त्या महिन्यात माणसं गेली. तिघांनीही चुकीचं चिंतलं होतं म्हणायचं का? चाळीसएक पानांनंतर मी ते पुस्तक कपाटावर टाकलं. ते अजून तिथेच आहे आणि त्याबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही.

व्हिक्टर फ्रँकल यांचं ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ मात्र कपाटावर टाकता येत नाही. मराठीत ते ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने मिळतं. फ्रँकल व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ, जन्म १९०५चा. त्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, पण आईवडिलांना सोडून जायचं नाही म्हणून ते थांबले. सप्टेंबर १९४२मध्ये नाझींनी त्यांना, बायकोला आणि आईवडिलांना थेरेझिनश्टाटला नेलं. वडील तिथेच गेले. पुढे ऑशविट्झ, मग डाखाऊच्या दोन उपछावण्या. एप्रिल १९४५मध्ये सुटका झाली तेव्हा आई, भाऊ आणि बायको टिली यांपैकी कुणालाही ते पुन्हा भेटणार नव्हते. त्याच वर्षी त्यांनी हे पुस्तक नऊ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतलं. त्यांना ते नाव न घालता, फक्त आपला कैदी क्रमांक देऊन छापायचं होतं. ११९१०४. पुस्तक १९४६ साली जर्मनमध्ये निघालं. फ्रँकल १९९७मध्ये वारले तोवर त्याच्या एक कोटीच्या वर प्रती खपल्या होत्या.

तुम्ही पुस्तक वाचलं नसेल, तरी फ्रँकलचं वाक्य तुमच्या फोनवर येऊन गेलं असेल. सूर्योदयाच्या फोटोवर, उत्तेजना आणि प्रतिसाद यांच्यामध्ये असलेल्या मोकळ्या जागेबद्दलचं ते वाक्य. गंमत अशी की ते फ्रँकलच्या लेखनात सापडतच नाही. स्टीफन कव्ही यांनी ते एका ग्रंथालयात कुठल्याशा पुस्तकात वाचलं, फ्रँकलच्या विचाराशी जुळतं म्हणून भाषणांतून आणि पुस्तकांतून सांगितलं, आणि पुढे लोकांनी ते फ्रँकलच्याच खात्यावर जमा केलं. माणसाला त्याच्या पुस्तकातून उचलून पोस्टरवर चिकटवलं की असंच होतं. तिथे तो फक्त हसतमुखाने सल्ला देतो.

मी हे पुस्तक पहिल्यांदा वाचताना एका जागी थांबलो आणि दोन महिने पुढे गेलो नाही.

ती जागा अशी. फ्रँकलच्या छावणीतला एक कैदी, बाहेरच्या जगात नावाजलेला संगीतकार, त्यांना आपलं स्वप्न सांगतो. फेब्रुवारी १९४५मध्ये स्वप्नात एका आवाजाने त्याला सांगितलेलं असतं की ३० मार्चला त्याचे हाल संपतील. तो आशेने भरून गेलेला असतो. तारीख जवळ येते, युद्ध संपण्याचं चिन्ह नसतं. २९ मार्चला त्याला ताप भरतो, ३०ला शुद्ध हरपते, ३१ला तो मरतो. वरवर पाहता कारण टायफस. पण फ्रँकल म्हणतात, खरं कारण निराशा. तिने शरीराची प्रतिकारशक्ती खचली. लगेच पुढे ते १९४४च्या नाताळानंतरच्या आठवड्यात वाढलेल्या मृत्यूंचं उदाहरण देतात. सणाला घरी जाऊ अशी भाबडी आशा लोकांना होती, ती मोडली आणि लोक मेले, असं.

हे वाचताना मला आमचे एक काका आठवले. बाबांच्या तेराव्याला व्हिडिओ कॉलवर ते आईला म्हणाले होते, “दादाने धीर सोडला गं, नाहीतर निभावलं असतं.”

आमच्या बाबांनीही एक तारीख ठरवली होती. सहाव्या दिवशी मास्क बाजूला करून त्यांनी मला मेसेज टाइप केला होता : पंधरा मेपर्यंत घरी येतो, हापूसची पेटी सांगून ठेव, विम्याचा हप्ता भर. ते गेले तेव्हा पंधरा तारीख लांब होती. त्यांची आशा मोडायला वेळच मिळाला नाही. धीर शाबूत असलेला माणूस गेला, कारण फुप्फुसं निकामी झाली होती आणि पहिले दोन दिवस प्राणवायू मिळाला नव्हता. त्याच काळात मी खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि माझ्याकडे धीर नावाची वस्तू औषधालाही नव्हती. मी वाचलो.

म्हणून टीकाकार म्हणून मला हे म्हणायचं आहे की जगभर गाजलेल्या या पुस्तकातला हा दावा तपासायला हवा. ज्या छावणीत उपासमार, थंडी, उवा आणि टायफस आहे, तिथे ताप आलेला माणूस तीन दिवसांत मरतो यासाठी वेगळं कारण शोधावं लागत नाही. निराश झालेले पण जगलेले किती होते, आशा धरून मेलेले किती होते, हे आपल्याला कळणार नाही. मी रोज सर्व्हरचे लॉग वाचतो. वीज जाऊन बंद पडलेलं मशीन शेवटच्या क्षणी काय झालं ते लिहून ठेवत नाही; लॉग फक्त पुन्हा सुरू झालेल्या मशीनचा मिळतो. प्रेरणादायी पुस्तकं म्हणजे पुन्हा सुरू झालेल्या मशीनचे लॉग आहेत. अमेरिकन अभ्यासक लॉरेन्स लँगर यांनी १९८२च्या ‘व्हर्जन्स ऑफ सर्व्हायव्हल’मध्ये फ्रँकलवर टीका केली ती याच अंगाने : जगणं-मरणं हा मनोवृत्तीचा प्रश्न केला, की मेलेल्यांवर नकळत ठपका येतो. ऑशविट्झमध्ये बहुतेकांना दारातच गॅसकडे पाठवलं गेलं. त्यांना मनोवृत्ती दाखवायची संधीच नव्हती.

दोन महिन्यांनी मी पुस्तक पुन्हा उघडलं ते भांडायला. आणि पहिल्याच काही पानांत मला माझ्या बाजूचा साक्षीदार सापडला. तो होता फ्रँकलच. आपण परत आलो ते कित्येक योगायोगांमुळे, आणि आपल्यातले जे सर्वांत चांगले होते ते परत आले नाहीत, असं तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. म्हणजे चांगुलपणा, धैर्य, आशा यांच्यावर जगणं ठरत नव्हतं हे त्याला माहीत आहे. संगीतकाराची गोष्ट सांगताना तो ते विसरतो. किंवा, मला आता वाटतं, त्याला विसरावंसं वाटतं. बायको, आई, भाऊ गमावलेला चाळिशीचा माणूस नऊ दिवस बोलत सुटलाय. त्याला कुठेतरी कारण हवं आहे. कारण नसण्यापेक्षा खोटं कारण बरं वाटतं. काकांनाही तसंच वाटलं असेल. हे पुस्तक स्वतःशीच भांडतं आणि म्हणून ते मोठं आहे. पोस्टरवाल्यांनी भांडणातली एकच बाजू घेतली.

दुसरी गोष्ट तर पोस्टरवर कधीच येत नाही. फ्रँकल स्वच्छ सांगतात की दुःखातून अर्थ मिळू शकतो, पण अर्थासाठी दुःख आवश्यक नाही. जे टाळता येतं ते टाळायलाच हवं, त्याचं कारण दूर करायला हवं. उगाच सोसण्यात कसलाही पराक्रम नाही. त्या मे महिन्यात हे वाक्य कुणी फॉरवर्ड केलं असतं तर मी खरंच वाचलं असतं. बेड नसणं हे सोसून अर्थ शोधायचं दुःख नव्हतं. ते बेड आणून संपणारं दुःख होतं. प्रेरणादायी पुस्तकांच्या बाजाराची माझी मोठी तक्रार हीच आहे की ती या दोन दुःखांत फरक करत नाहीत. ऑफिसात बारा-बारा तास राबून झोप उडालेल्या माणसालाही तेच पुस्तक देतात आणि बाप गेलेल्यालाही. पहिल्याला पुस्तक नको, सुट्टी हवी.

मग या पुस्तकाने मला काही दिलं की नाही? दिलं. त्यातला एक विचार असा की आयुष्याकडून मला काय मिळणार हे विचारत बसू नये. आयुष्य रोज आपल्यालाच काहीतरी विचारतं, आणि उत्तर कृतीने द्यायचं असतं. ऐकायला हेही पोस्टरसारखंच वाटतं, मान्य. पण त्या दिवसांत माझ्यापुढे प्रश्न अगदी लेखी स्वरूपात येत होते. मृत्यूचा दाखला. बँकेचा वारस अर्ज, तीन प्रतींत. बाबांच्या पेन्शनचे कागद. वीजमीटरवर नाव बदलणं. ‘माझ्या जगण्याचा हेतू काय’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. पण सोमवारी अकरा वाजता फोटो आणि आधारची झेरॉक्स घेऊन आईबरोबर बँकेत उभं राहायचं होतं, याला उत्तर होतं. तसे सात-आठ महिने गेले. बरं होणं हा शब्द मोठा आहे. झोप लागू लागली, एवढं नक्की.

पुस्तकाच्या उत्तरार्धात एका म्हाताऱ्या डॉक्टरची गोष्ट आहे. बायको जाऊन दोन वर्षं झाली, तो सावरत नाही. फ्रँकल त्याला सल्ला देत नाहीत. विचारतात, तुम्ही आधी गेला असता तर? तो म्हणतो, तिला ते फार जड गेलं असतं. मग ते दुःख तुम्ही तिचं वाचवलंत, ते म्हणतात. आता ते तुम्ही भोगताय. डॉक्टर उठतो, हात मिळवतो आणि निघून जातो. मी ही गोष्ट एकदा आईला सांगितली. जरा भीतभीतच. ती भाजी निवडत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “मी आधी गेले असते तर ह्यांना गॅसचा नंबर लावायलासुद्धा आला नसता.” आणि हसली. बाबा गेल्यानंतर तिला तसं हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं. पण लक्षात घ्या, तिथे प्रश्न होता. बायको गमावलेल्या माणसाने बायको गमावलेल्या माणसाला समोरासमोर विचारलेला. तोच मजकूर कुणी स्क्रीनशॉट करून तेराव्याच्या आत पाठवला असता, तर आईने फोन बंद करून ठेवला असता, आणि बरोबर केलं असतं.

आईला वाचायला काय द्यावं हा प्रश्न त्यानंतर आला. प्रेरणेच्या कप्प्यातलं काही द्यायला मन होईना. मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणली. १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेलं हे आत्मचरित्र कुणी ‘हीलिंग’च्या यादीत घालणार नाही. पण बघा, ते सुरूच होतं १८५७नंतर आजोबांना झालेल्या फाशीच्या सावलीत, आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या डोक्यात शिरलेल्या सोवळ्याच्या वेडाने. आजच्या भाषेत याला ट्रॉमा म्हणतील आणि त्यावर प्रकरण लिहितील. लक्ष्मीबाई सोवळ्याचे किस्से सांगून आपल्याला हसवतात, आणि घरातल्या बायकांनी त्यापायी काय सोसलं तेही हसता हसता कळतं. पुढे १८९५मध्ये नवरा धर्मांतर करतो, काही वर्षं ताटातूट होते, लोक बोलतात, ती हळूहळू स्वतःच्या पायांनी त्याच्याकडे परत जाते. यातून काय शिकावं हे ती सांगत नाही. तिच्या लेखी ती फक्त घडलेलं सांगतेय. फ्रँकलच्या पुस्तकात दर काही पानांनी एक सिद्धांत डोकं वर काढतो; लक्ष्मीबाईंकडे तो मोह नाही. फ्रँकल आवडूनही मला वाटतं की दुखावलेल्या माणसाच्या शेजारी बसायचं असेल, तर बाई जास्त बऱ्या.

आईने पहिले काही दिवस पुस्तक उघडलं नाही. मग एका रात्री तिच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. सध्या ती शेवटच्या भागात आहे. रोज चारच पानं वाचते, संपू नये म्हणून.