सांगितलेले आणि लिहिलेले

महाभारत सांगायला व्यास बसले आणि लिहायला गणपती, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. सांगताना मध्ये थांबायचे नाही, ही गणपतीची अट. अर्थ कळल्याशिवाय अक्षर लिहायचे नाही, ही व्यासांची. मोठ्या शहाणपणाचा सौदा होता तो! आज तो आठवायचे कारण असे की, आता ज्याच्या त्याच्या खिशात एक लेखनिक येऊन बसला आहे. मोबाइलवरच्या चिन्हाला बोट लावावे, बोलू लागावे, की अक्षरे उमटू लागतात. २०१७ साली ही सोय मराठीतही आली. गणपतीची अट हा लेखनिक कसोशीने पाळतो. आपण विचारासाठी अंमळ थांबलो की त्याचे कान मिटतात. व्यासांची अट मात्र त्याला कोणी घातलेलीच नाही.

तोंडाने लिहिले की वाङ्मय बिघडते, असे म्हणणारे काही रसिक आहेत. मला ते पटत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. आपल्या भाषेचे वैभवच असे सांगण्यातून उभे राहिले. रशियात १८६६ साली दोस्तोव्हस्कीने 'जुगारी' ही कादंबरी सव्वीस दिवसांत लघुलेखिकेला सांगून संपवली आणि पुढे त्या लघुलेखिकेशीच लग्न केले. (यंत्राच्या बाबतीत ही पुढची सोय अद्याप झालेली नाही.)

तेव्हा प्रश्न चांगल्या-वाईटाचा नाही. सांगितलेले वाक्य आणि लिहिलेले वाक्य यांची जातच वेगळी असते, हा आहे. याचा पडताळा पाहायला मराठीत एक फार सुंदर जोडी आहे. विषय एकच, भगवद्गीता. जागाही एकाच प्रकारची, तुरुंग. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' शिसपेन्सिलीने वह्यांवर लिहिले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. टिळकांचे वाक्य वकिलाच्या युक्तिवादासारखे चालते. पूर्वपक्ष येतो, शंका येते, तिच्या पोटात दुसरी शंका येते आणि मग सिद्धान्त. वाचणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येईल, हे त्या वाक्याने गृहीत धरलेले असते. विनोबांचे वाक्य आखूड. ते दाखला देते, तोच मुद्दा फिरून दुसऱ्या दाखल्याने सांगते, कारण ऐकणाऱ्याला पान उलटता येत नाही. 'गीतारहस्य' सांगून लिहवले असते तर त्याचे निम्मे बळ गेले असते. 'गीता प्रवचने' मेजाशी बसून लिहिली असती तर तिची ऊब गेली असती.

पण विनोबांच्या त्या उबेत साने गुरुजींचा वाटा किती, हे आपण विसरतो. समोर डोळे भरून ऐकणारा माणूस असला म्हणजे बोलणारा आपोआप नेमके बोलतो. यंत्राच्या कपाळावर कधी आठी पडत नाही. म्हणून यंत्राला सांगितलेल्या मजकुरात बोलण्याचा पसरटपणा तेवढा येतो. बोलण्यातला जिव्हाळा वाटेतच राहतो. अलीकडचे पुष्कळसे ललित लेखन वाचताना मला हा संशय येतो. परिच्छेद लांबत जातात, 'म्हणजे' आणि 'तर' यांची गर्दी होते, आणि कोणीही मागे वळून खोडलेले दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट मला पनवेलजवळच्या गव्हाण गावी कळली. तिथल्या एका आजींना आपल्या आठवणी लिहून ठेवायच्या होत्या. भातशेती, मिठागरे, आणि जमिनीसाठी झालेले जानेवारी १९८४ चे आंदोलन, ज्यात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. लिहिण्याची सवय त्यांना नाही. ज्यांनी ते दिवस पाहिले ती माणसे आता वयाने थकली आहेत. अशा तोंडांसाठी हा यांत्रिक लेखनिक म्हणजे खरोखर वरदान वाटावे. नातवाने मोबाइल पुढे धरला. आजी आपल्या आगरी बोलीत बोलू लागल्या. 'गावात' म्हणायचे तिथे 'गावान', 'कोळी' म्हणायचे तिथे 'कोली'. पडद्यावर उमटले ते असे की, खोलीत लोक आहेत आणि गावाने काहीतरी केले आहे!

यंत्राचा यात दुष्टपणा नाही. ते पुष्कळांचे बोलणे ऐकून शिकलेले असते, आणि ऐकू आलेल्या आवाजाला बहुतेकांच्या तोंडचा शब्द जोडून मोकळे होते. पण बहुतेकांच्या तोंडी नसलेले शब्द टिपण्यासाठीच तर आठवणी लिहायच्या असतात! चूक निदान डोळ्यांना दिसते. भय वाटते ते यंत्र सुधारेल तेव्हाचे. ते 'गावान' ऐकून निमूटपणे 'गावात' लिहील, मजकूर शुद्ध दिसेल, आणि आजींचा आवाज त्यातून गेलेला आहे हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

आजींनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. नातवाला शेजारी बसवले, मोबाइल उलटा करून ठेवायला सांगितले आणि वही घ्यायला लावली. तो शाळेच्या सवयीने 'गावात' लिहू लागला, तशी त्यांनी वहीत डोकावून ते अक्षर बोटाने दाबले. "मी काय बोलले?" त्या म्हणाल्या. पोराने खोडले, आणि 'गावान' लिहिले.