दहा गुंठे आणि साडेसहाशे मिलिमीटर

मंडळी, 'स्वावलंबी कुटुंब आणि छोटी शेती' हा विषय एका संध्याकाळीत संपणारा नाही. म्हणून आम्ही एक पुस्तक आणि एक जिल्हा एवढंच घेतो. पुस्तक श्री. अ. दाभोळकरांचं, 'प्लेंटी फॉर ऑल', १९९८ सालचं. जिल्हा आपलाच, जालना. पुस्तक जालन्यात बसून वाचलं तर कसं दिसतं, एवढंच आज बघायचंय.

दाभोळकर कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू म्हणून आज अनेकांना ते माहीत असतात, पण त्यांचं स्वतःचं काम वेगळं आणि मोठं आहे. 'प्रयोग परिवार' नावाचं शेतकऱ्यांचं एक जाळं त्यांनी विणलं. त्याला ना इमारत, ना अनुदान. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी एकमेकांना पत्रं लिहायची, एकमेकांच्या बागा बघायच्या, आपल्या वेलीवर काय घडलं ते मोजून सांगायचं. त्यातून जे उभं राहिलं ते महाराष्ट्राने बघितलं आहे.

पुस्तकातली सगळ्यात गाजलेली कल्पना मात्र दहा गुंठ्यांची. पाव एकर जमीन, पाच माणसांचं कुटुंब, धान्य-भाजी-फळं सगळं त्यातच. पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात बजवाड्याला हाच आराखडा करून दाखवला आणि 'दिवसाला हजार लिटर पाणी' हा आकडा लोकांच्या तोंडी बसला. शहरातून गावाकडे परतू बघणारी तरुण जोडपी आजही हा आराखडा घेऊन येतात. आम्हाला ती भेटतात. त्यांच्याबद्दल आम्हाला आस्था आहे, म्हणूनच हिशेब नीट मांडला पाहिजे.

एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दहा गुंठे म्हणजे हजाराला थोडे वर. आपल्याकडचा पाऊस बऱ्या वर्षी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास धरा. म्हणजे दहा गुंठ्यांवर वर्षभरात साडेसहा लाख लिटर पाणी पडतं. रोजचे हजार लिटर म्हणजे वर्षाचे ३ लाख ६५ हजार. वाटतं, झालं की! पुरून उरतंय!

पण ते पडतं कधी? जून ते सप्टेंबर, त्यातही मोजक्या दिवसांत. उरलेले आठ महिने कोरडे. त्या आठ महिन्यांसाठी २ लाख ४० हजार लिटर साठवायचे तर दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल टाकी लागेल. दहा गुणिले दहा म्हणजे अख्खा एक गुंठा झाला. दहातला एक गुंठा पाण्यानेच खाल्ला, आणि एप्रिल-मेच्या उन्हात जी वाफ होईल ती अजून धरलेलीच नाही. हेच पाणी टँकरने आणायचं तर दहा हजार लिटरचे चोवीस टँकर. २०१२ च्या दुष्काळात जालन्याच्या शेतकऱ्यांनी मोसंबी वाचवायला टँकर विकत घेतले, आणि तरीही बागांवर कुऱ्हाड चालवावी लागली. त्याच मोसंबीला पुढे भौगोलिक मानांकन मिळालं. असो.

बजवाडा नर्मदेच्या काठी आहे. साधं राहणीमान जगून आणि लिहून दाखवणारे दिलीप आणि पौर्णिमा कुलकर्णी दापोलीजवळ कुडावळ्याला राहिले, तिथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यांच्या निष्ठेबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण ही पुस्तकं वाचताना लेखकाच्या अंगणात किती पाऊस पडतो ते आधी विचारावं, अशी आम्हाला सवय लागली आहे. महसूल खात्याला हा फरक कळतो बरं का! २०२३ साली शासनाने जमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र ठरवलं तेव्हा बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे असं लिहिलं. तलाठ्याच्या दप्तरात जो भेद आहे तो आपल्या स्वावलंबनाच्या व्याख्यानांत नसावा, हे जरा गमतीचं आहे.

आता धान्य. पाच माणसं दिवसाला दीड-पावणेदोन किलो धान्य खातात असं धरलं तर वर्षाला सहा क्विंटलच्या आसपास लागतं. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल आली तर माणूस समाधानी असतो. पाव एकरात सगळी ज्वारीच पेरली तरी क्विंटल-सव्वा क्विंटल. दाभोळकर म्हणतील, तुम्ही माझी माती तयार केलीच नाही, मग माझं उत्पन्न कसं येईल? बरोबर आहे. त्यांची सगळी मांडणी मातीवर उभी आहे. वाळलेला पालापाचोळा मातीत मुरवायचा, पानांवर पडणारं ऊन वाया जाऊ द्यायचं नाही. विचार पक्का आहे.

पण हा पालापाचोळा आणायचा कुठून? इथे हे पुस्तक आमच्या जिल्ह्यात येऊन अडखळतं. आपल्याकडे रानात काहीच वाया जात नाही, कारण वाया घालवायला काही नसतंच. ज्वारीचा कडबा बैल खातो. पऱ्हाटी चुलीत जाते. शेणाच्या गोवऱ्या होतात. तुरीच्या काड्यांचा कूड होतो. मातीला द्यायला उरतं काय? त्यात गेल्या तीसेक वर्षांत ज्वारी मागे गेली, कापूस आणि सोयाबीन पुढे आलं. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल गेले, बैल गेले तसा उकिरडा आटला. ट्रॅक्टर शेण देत नाही. घरात गॅस आला तिथे पऱ्हाटी मोकळी झाली, हे एक बरं झालं. मातीला खाऊ घालायला आज काही मिळणार असेल तर ते सिलिंडरमुळे मिळणार आहे, म्हणजे बाहेरून आलेल्या वस्तूमुळे. स्वावलंबनाच्या कोणत्याही पुस्तकात आम्हाला हे वाक्य सापडलं नाही.

तसंच रेशनचं. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. पाच माणसांचं पंचवीस किलो, वर्षाचं तीन क्विंटल. आपण काढलेल्या सहा क्विंटलच्या निम्मं! ज्या काटकसरी शेतकरी कुटुंबाचं आपण कौतुक करतो, त्याच्या कणगीतलं निम्मं धान्य रेशन दुकानातून आलेलं असू शकतं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त ते लिहावं.

बियाण्याबद्दल जालन्यात बोलायचं म्हणजे जरा सांभाळून. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली. सुरुवात भेंडीच्या बियाण्यापासून, 'पुसा सावनी' वाणाची. १९९८ साली, म्हणजे दाभोळकरांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. एकाच वर्षी दोन मराठी मुलखातली माणसं जगाला भरपूर अन्नाचा मार्ग सांगत होती. एक म्हणत होता घरचं ज्ञान वाढवा, दुसरा म्हणत होता बियाणं विकत घ्या, पण चांगलं घ्या. जालन्याने कोणाचं ऐकलं ते बाजारपेठेत जाऊन बघा. संकरित बियाणं पुढच्या वर्षी पेरता येत नाही, हे खरं. पण घरच्या गावरान बियाण्यावर आमच्या आधीच्या पिढ्या पोटभर जेवत होत्या असंही कोणी सांगू नये. १९७२ साली याच मराठवाड्याने मिलो आणि सुकडी खाल्ली, आणि तेव्हा बहुतेक घरांत बियाणं घरचंच होतं.

जुन्या स्वयंपूर्ण गावाचा दाखला नेहमी दिला जातो, म्हणून एवढंच सांगतो. त्रिं. ना. आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा आहे. तो वाचा, आणि मग दया पवारांचं 'बलुतं' वाचा, १९७८ चं. गाव ज्या हातांच्या जिवावर स्वयंपूर्ण होतं, त्यांना बदल्यात काय मिळत होतं ते दोन्हीकडून कळेल. त्या गावाकडे परत जायची हाक देताना कोणाला कुठे राहायला लागेल हे आधी सांगितलं पाहिजे.

आणि घरातलं. काटकसरीच्या लेखनात 'आम्ही बाहेरून काही आणत नाही' हे वाक्य मोठ्या अभिमानाने येतं. बाहेरून आणत नाही म्हणजे घरात कोणीतरी करतं. कुरडया, शेवया, पापड, सांडगे, वर्षाची चटणी, डाळ भरडणं, गोधड्या शिवणं, धारा काढणं, पाणी शेंदणं. ती कोणीतरी म्हणजे बाई. विकतचा पापड आणला तर वहीत वीस रुपये खर्च पडतो, घरी केला तर शून्य. त्या शून्यात तिचा उन्हाळ्यातला आख्खा महिना असतो. दाभोळकर तासांचा हिशेब करणारे होते, श्रम कमी करण्यावर त्यांचा भर होता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण त्यांच्या नावाने आज जे बोललं जातं त्यात हा हिशेब हरवलेला आहे. आपल्याकडच्या एखाद्या वहिनींना विचारा, तुम्हाला स्वयंपूर्ण घर हवंय का? त्या आधी विचारतील, गिरणी किती लांब आहे?

मग पुस्तक टाकून द्यायचं का? मुळीच नाही. आमचं म्हणणं असं, की या पुस्तकातला चुकीचा भाग प्रसिद्ध झाला. दहा गुंठे लोकांच्या लक्षात राहिले, प्रयोग परिवार विसरला गेला. खरं तर पुस्तकातच याचं उत्तर आहे. द्राक्षबागायतदार एकेकटे शहाणे झाले नाहीत, पत्रं लिहून झाले. कुंपणाच्या आत सगळं पिकवणारं कुटुंब हे चित्र त्यांच्या कामाशी जुळतच नाही.

याची आपल्या जिल्ह्यातली साक्ष कडवंची. १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन कार्यक्रमातून तिथे पाणलोटाचं काम सुरू झालं. मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि विजयअण्णा बोराडे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांधबंदिस्ती. एकाने बांध घातला आणि वरच्याने नाही घातला, तर खालच्याची माती वाहून जाणार. त्यामुळे तिथे मोजमाप गुंठ्यात झालं नाही, शिवारात झालं. एका घराचं स्वावलंबन तिथे शक्यच नव्हतं. २०१२ मध्ये आजूबाजूला बागा जळत असताना कडवंचीची द्राक्षं तगली म्हणून ते गाव गाजलं.

द्राक्षं! ज्वारी नव्हे. पाणी हाताशी आल्यावर त्या लोकांनी काटकसर वाढवली नाही, पैसा देणारं पीक लावलं. औषधं, मांडव, मजूर, कर्ज सगळं आलं. स्वावलंबनवाल्यांना हे खटकतं. आम्हाला खटकत नाही. मुलीचं इंजिनीअरिंग आणि म्हाताऱ्याची अँजिओप्लास्टी मुळ्याच्या जुडीवर होत नाही. दहा गुंठ्यांच्या आराखड्यात जेवण आहे, फळं आहेत, दवाखाना मात्र नाही. विदर्भ-मराठवाड्यात ज्या घरांतून माणूस गेला, त्या घरांत कणगी रिकामी होती म्हणूनच गेला असं नाही. डोक्यावरची देणी ज्वारीत फिटणारी नव्हती.

आम्हाला खटकतं ते वेगळंच. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' आलं आणि जिल्हाभर तळी झाली. पुष्कळ ठिकाणी तळ्याला प्लास्टिक अंथरलं जातं आणि मोटर लावून विहिरीचं पाणी वर आणून त्यात भरलं जातं. जमिनीखालचं पाणी, जे शेजाऱ्याच्या विहिरीलाही मिळालं असतं, ते एकाच्या कुंपणात उन्हाला उघडं पडतं. ज्याच्याकडे तळं आहे तो म्हणतो, मी स्वावलंबी आहे. त्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण शेजारची विहीर फेब्रुवारीतच तळ गाठते, आणि तिच्या मालकाला कोणतं पुस्तक वाचायला द्यायचं हे आम्हाला सुचत नाही. 'प्लेंटी फॉर ऑल' या नावातला 'ऑल' दाभोळकरांनी तरी विचार करून घातला असणार.

इथे आमचं म्हणणं थांबवतो. मागच्या रांगेतून मघाशी ठिबकबद्दल कोणीतरी हात वर केला होता, त्यांच्यापासून सुरुवात करू.